तिसेचे फूल : एका कीटकाच्या नावाचा इतिहास



इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरातील कागद आपल्या डोळ्यांसमोर येतात. लोकांच्या तोंडी असलेले साधे शब्द या यादीत सहसा नसतात. वस्तुतः वनस्पती, प्राणी, वारे आणि पाऊस यांची स्थानिक नावे हेही एक साधनच आहे. त्यावर तारीख नसते, लिहिणाऱ्याचे नाव नसते. ते किती जुने आहे हे पुष्कळदा सांगता येत नाही. तरीही ज्यांनी ते नाव दिले त्यांनी निसर्गाकडे कोठे उभे राहून, केव्हा आणि कशासाठी पाहिले, हे त्यातून कळते. या पाठात आपण असे एकच नाव घेणार आहोत. ते नाव मध्य युरोपातील हंगेरीचे आहे आणि ते एका कीटकाचे आहे. नाव काय सांगते आणि काय सांगायचे सोडून देते, या दोन्ही बाजू आपण पाहू.

नदी आणि तिचा बहर

तिसा ही मध्य युरोपातील मोठी नदी. आजच्या युक्रेनमधील कार्पेथियन पर्वतात ती उगम पावते, हंगेरीच्या सपाट मैदानातून वाहते आणि सर्बियात डॅन्यूब नदीला मिळते. साधारण जूनच्या मध्यावर, एखाद्या उबदार दिवशी दुपार कलू लागली की या नदीचे रूप पालटते. पाण्यातून लांब शेपटीचे असंख्य कीटक वर येतात. नर आधी येतात, काठावरील झाडाझुडपांवर बसून कात टाकतात आणि पुन्हा पाण्याकडे धाव घेतात. मग माद्या वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागावरच मीलन होते. त्यानंतर माद्या प्रवाहाच्या उलट दिशेने काही किलोमीटर उडत जातात आणि पाण्यावर अंडी सोडतात. अंधार पडेपर्यंत हा सारा खेळ आटोपलेला असतो आणि नदीवर मेलेल्या कीटकांचा थर तरंगत असतो. असे काही दिवस, नदीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर, चालू राहते.

हा कीटक म्हणजे इंग्रजीत ज्यांना 'मेफ्लाय' म्हणतात त्या गटातील एक जाती. तिचे शास्त्रीय नाव 'पॅलिंजेनिया लाँगिकॉडा'. युरोपातील मेफ्लायमध्ये ती सर्वांत मोठी असून शेपटीच्या धाग्यांसह तिची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर भरते. प्रौढ कीटक काही खात नाही, कारण त्याचे तोंड खाण्याच्या कामाचे उरलेले नसते.

हंगेरियन लोक या कीटकाला 'तिसाविराग' म्हणतात. 'विराग' म्हणजे फूल. म्हणून तिसाविराग हे तिसेचे फूल. कीटकांचे थवे नदीवर उतरतात त्या घटनेला ते तिसेचे 'फुलणे' म्हणतात. येथे थोडे थांबा. 'विराग' हा शब्द ऐकताच आपल्याला संस्कृतमधील विराग, म्हणजे आसक्ती सुटणे, आठवतो. क्षणभराच्या आयुष्याचा कीटक आणि त्याच्या नावात वैराग्य, ही जोडी मोहक आहे. परंतु ती निव्वळ योगायोगाची आहे. हंगेरियन ही उरालिक भाषाकुळातील भाषा असून फिनिश आणि एस्टोनियन या तिच्या दूरच्या नातेवाईक आहेत. संस्कृत मात्र इंडो-युरोपीय कुळातील. दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावरून त्यांचे नाते जोडू नये, हा नावांच्या अभ्यासातील पहिला नियम येथेच लक्षात ठेवा.

एक जीव, तीन नावे

याच जातीच्या किंवा तिच्या जवळच्या कीटकांना युरोपात इतर नावेही मिळाली. ती शेजारी ठेवली की प्रत्येक नावामागची नजर स्पष्ट होते.

पहिले नाव ग्रीक. अॅरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील हायपॅनिस नदीवरच्या एका जीवाचा उल्लेख केला आहे. उन्हाळ्यात, सूर्य उत्तरेच्या टोकाला असताना, तो नदीतून प्रकट होतो, संध्याकाळपर्यंत जगतो आणि सूर्यास्ताबरोबर मरतो, असे तो सांगतो. त्याचे नाव 'एफेमेरॉन', म्हणजे एका दिवसाचा. हे वर्णन मेफ्लायचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे शास्त्रज्ञांनी या संपूर्ण गणाला 'एफेमेरॉप्टेरा' हे नाव दिले, त्याचे मूळ याच शब्दात आहे. या नावाने त्या जीवाचे आयुष्य तेवढे मोजले.

दुसरे नाव डच. सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये नदीकाठी याच जातीचे कीटक विपुल होते. यान स्वामरडाम या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्यांचे विच्छेदन केले आणि 1675 मध्ये त्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या शीर्षकात त्याने हा कीटक म्हणजे माणसाच्या आयुष्याचे चित्र आहे असे म्हटले. त्याच शीर्षकात या कीटकाचे बोलीतील नावही आहे, 'ऊफरआस'. 'ऊफर' म्हणजे नदीचा काठ आणि 'आस' म्हणजे मासे पकडण्यासाठी लावायचे आमिष. काठाच्या मातीतून उकरून काढलेली अळी गळाला लावणाऱ्यांनी हे नाव घडवले असणार हे उघड आहे. शास्त्रज्ञाला कीटकात मानवी जीवनाचा धडा दिसला, तर मासेमाराला त्याच कीटकात उद्याच्या माशाची सोय दिसली. एकाच मुखपृष्ठावर या दोन्ही नजरा एकत्र आल्या आहेत.

तिसरे नाव आपले तिसाविराग. ग्रीक नावात काळ आहे, डच नावात उपयोग आहे. हंगेरियन नावात यांतले काहीच नाही, त्यात नदी आहे आणि दृश्य आहे. संध्याकाळी काठावर उभे राहून पाण्यावर उमललेला बहर पाहणाऱ्या माणसाने ते दिले आहे. शिवाय एक गोष्ट विशेष आहे. या नावात फूल कीटकाचे नाही, नदीचे आहे. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात नदी हीच एक सजीव वस्तू आहे आणि वर्षातून एकदा ती फुलते.

नावाचा वापर

नाव एकदा रूढ झाले की ते मूळ वस्तूपुरते राहत नाही. हंगेरियन भाषेत 'तिसाविराग-आयुष्याचा' असे विशेषण तयार झाले आहे. थोडक्या दिवसांत बंद पडलेले नियतकालिक, आठवडाभर टिकलेली फॅशन, महिन्या-दोन महिन्यांत कोसळलेले मंत्रिमंडळ, अशा कशालाही ते लावता येते. ज्याने आयुष्यात कधी तिसा नदी पाहिली नाही असा माणूसही ते सहज वापरतो.

मराठीत अशा ठिकाणी आपण 'औटघटकेचे राज्य' म्हणतो. औट म्हणजे साडेतीन आणि घटका म्हणजे 24 मिनिटे. औटघटकेचे राज्य म्हणजे हिशेबाने 84 मिनिटांचे राज्य. घटिकापात्र आपल्या घरांतून केव्हाच गेले, पण त्याची मोजणी या वाक्प्रचारात शिल्लक राहिली आहे. मराठीने अल्पकाळ मोजायला पाण्याचे घड्याळ घेतले, हंगेरियनने नदीवरचा कीटक घेतला. आपापल्या परिसरात जे ओळखीचे होते तेच प्रत्येक भाषेने उचलले.

या नावाचा प्रवास राजकीय सीमांनाही थांबवता आला नाही. पहिल्या महायुद्धानंतर 4 जून 1920 रोजी झालेल्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा मोठा भूभाग शेजारी राष्ट्रांकडे गेला आणि तिसेचा खालचा टप्पा आजच्या सर्बियाच्या बाजूला राहिला. तेथील सर्बियन भाषेतही या कीटकाला 'तिस्की त्स्वेत' म्हणजे तिसेचे फूल, आणि त्या घटनेला तिसेचे फुलणे असेच म्हणतात. सर्बियन ही स्लाव्ह भाषा, हंगेरियनशी तिचे काहीच नाते नाही. नदीकाठी दोन्ही भाषा बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले आणि दोघांच्या बोलण्यात कल्पना एकच राहिली. नकाशावरील रेषेपेक्षा नदीकाठचा शेजार अधिक जुना असतो, हे या दोन शब्दांवरून दिसते.

नावाने काय सोडले

आता आपण या पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. तिसाविराग अल्पायुषी आहे, असे विशेषण सांगते. हे खरे आहे का?

पाण्यावरच्या पंखधारी अवस्थेपुरते ते खरे आहे, कारण ती काही तासांचीच असते. परंतु त्या संध्याकाळपूर्वी हाच जीव सुमारे तीन वर्षे नदीत जगलेला असतो. मादीने सोडलेली अंडी तळाशी जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या पाण्याखालच्या चिकणमातीच्या काठात बिळे करून राहतात. नदीचे पाणी उतरले की तिसेच्या उभ्या काठावर ही बिळे मधाच्या पोळ्यासारखी उघडी पडलेली दिसतात. अळी तेथेच खाते, वाढते, कात टाकते. म्हणजे हजाराहून अधिक दिवसांच्या आयुष्यातले शेवटचे काही तास लोकांनी पाहिले आणि तेच त्याचे आयुष्य समजले. कीटकांच्या जगात तीन वर्षे हे काही थोडके आयुष्य नव्हे.

नाव खोटे आहे असा याचा अर्थ नव्हे. काठावरून जे दिसले ते त्याने अचूक टिपले. पण काठाच्या आत जे चालले होते ते त्या नावाच्या कक्षेत आले नाही. डच मासेमाराने मात्र आमिषासाठी तीच माती उकरली होती, म्हणून त्याच्या ओबडधोबड नावात काठ राहिला. सुंदर नाव आणि उपयोगी नाव यांत कोणते अधिक खरे, असा प्रश्न विचारण्याऐवजी प्रत्येक नावाची नजर कोठवर पोचते, हे पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक उपयोगाचे आहे.

काठाचा इतिहास

या जीवाचे खरे घर काठ आहे हे एकदा ध्यानात आले की आपला प्रश्नही बदलतो. या काठाचे गेल्या पावणेदोनशे वर्षांत काय झाले?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिसा मैदानातून प्रचंड वळणे घेत वाहत होती आणि पुराचे पाणी दूरवर पसरत होते. इश्तवान सेचेनी या हंगेरियन नेत्याच्या पुढाकाराने आणि पाल वाशारहेयी या अभियंत्याच्या आराखड्यावरून 27 ऑगस्ट 1846 रोजी नदी सरळ करण्याचे काम सुरू झाले. वाशारहेयी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता. पुढील काही दशकांत शंभराहून अधिक ठिकाणी वळणे तोडून नदीला सरळ वाट काढून देण्यात आली आणि दोन्ही बाजूंना बांध घालण्यात आले. जी नदी पूर्वी सुमारे 1,400 किलोमीटर लांब होती ती 1,000 किलोमीटरच्या आत आली. पुरापासून जमीन सोडवून शेतीखाली आणणे हा या कामाचा मुख्य हेतू होता. धोका मात्र टळला नाही. 12 मार्च 1879 च्या रात्री तिसेच्या पुराने सेगेद शहर बुडाले आणि तेथील सुमारे 5,700 घरांपैकी 300 सुद्धा उभी राहिली नाहीत. त्यानंतर बांध आणखी पक्के झाले. विसाव्या शतकात, 1954 मध्ये तिसालोक येथे आणि 1973 मध्ये किश्क्योरे येथे नदीवर बंधारे बांधले गेले.

हे सारे माणसांच्या गरजेपोटी झाले, हे विसरता येणार नाही. पण अळीच्या बाजूने पाहा. तिला वाहते पाणी आणि चिकणमातीचा उघडा काठ लागतो. जेथे काठावर दगडी पिचिंग झाले तेथे बीळ करायला माती उरली नाही. जेथे बंधाऱ्यामुळे पाणी संथ झाले तेथे मातीवर गाळ बसू लागला.

सर्वांत मोठा घाव 30 जानेवारी 2000 रोजी बसला. रोमानियातील बाया मारे येथे सोने काढण्याच्या उद्योगातील सांडपाणी साठवलेला बांध फुटला आणि सुमारे 1 लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी उपनद्यांतून तिसेत उतरले. हंगेरीच्या हद्दीत हजार टनांहून अधिक मासे मेले. त्याच वर्षी मार्चमध्ये जड धातूंनी दूषित झालेला गाळही उपनदीतून खाली आला. तिसा मेली, असे त्या काळात पुष्कळांना वाटले. परंतु पुढच्या वर्षांतही जून महिन्यात तिसा फुलत राहिली. सायनाइडचे पाणी ज्या संगमापाशी तिसेत शिरले त्याच्या वरचा टप्पा त्यातून वाचला होता, हे एक कारण. दुसरे असे की नदीतील विषारी लोंढा पुढे सरकत जातो, आणि अळ्या तर काठाच्या मातीत बिळांत होत्या. ज्या तीन वर्षांना नावाने जागा दिली नाही, त्याच तीन वर्षांत या जीवाचा टिकाव दडलेला आहे.

नाव उरते, जीव जातो

याची उलट बाजूही पाहिली पाहिजे. स्वामरडामने ज्या देशात हा कीटक अभ्यासला त्या नेदरलँड्समधून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीसा झाला. पश्चिम युरोपातील इतर मोठ्या नद्यांवरूनही तो गेला. कारखान्यांचे सांडपाणी, जलवाहतुकीसाठी खोल व सरळ केलेली पात्रे आणि बांधून काढलेले काठ ही त्यामागची कारणे. 'ऊफरआस' हा शब्द आता जुन्या पुस्तकांत सापडतो, काठावर सापडत नाही. आज या जातीचा सर्वांत मोठा आधार तिसा आणि तिच्या उपनद्या हाच आहे. हंगेरीत ती संरक्षित आहे.

हंगेरीत नावाचा मान मोठा आहे. सोल्नोक शहरात तिसेवर पादचारी आणि सायकलस्वारांसाठी बांधलेला, सुमारे साडेचारशे मीटर लांबीचा पूल 2011 मध्ये खुला झाला. त्याचे नाव तिसाविराग पूल. त्याच 2011 साली हंगेरियन शास्त्रज्ञांनी नदीच्या वरच्या टप्प्यातील तिवादार गावाजवळच्या एका पुलावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध उडणाऱ्या माद्या पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाच्या मागावर जातात. पूल आणि त्याची सावली आडवी आली की हा प्रकाशाचा पट्टा तुटतो. माद्या पुलाजवळ घोटाळतात, आणि काही माघारी फिरतात. त्यामुळे अंडी जेथे पडायला हवीत तेथे पडत नाहीत. ज्याच्या नावाने पूल बांधला त्यालाच पूल ही अडचण ठरू शकते. हे मुद्दाम कोणी केलेले नाही, आणि सोल्नोकच्या पुलाविषयी हे निरीक्षण नाही. पण नावाचा गौरव आणि त्या जीवाची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळते.

आपल्या परिसराकडे वळताना

ही पद्धत आपल्या देशातही वापरता येते. पावसाच्या सुरुवातीला जमिनीवर दिसणारा मखमली लाल जीव तुम्ही पाहिला असेल. मराठीत त्याला 'मृगाचा किडा' म्हणतात, तेलुगूत 'आरुद्र पुरुगु' म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा किडा, हिंदीत 'बीरबहूटी' आणि संस्कृतात 'इंद्रगोप'. मराठी आणि तेलुगू या दोन्ही नावांत नक्षत्र आहे, पण नक्षत्रे दोन आहेत आणि ती एकापाठोपाठ येतात. दोन्ही नावे पेरणीच्या दिवसांकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याची आहेत. संस्कृत नावात पावसाची देवता आहे. आणि गंमत अशी की किडा म्हटला तरी हा जीव कीटक नाही, तो कोळ्यांच्या जवळचा आहे. शिवाय तोही वर्षाचा मोठा काळ जमिनीखाली काढतो आणि नाव मात्र त्याला दिसण्याच्या त्या थोड्या दिवसांचेच मिळाले आहे.

सारांश

स्थानिक नाव हे साक्षीदारासारखे असते. त्याने जे पाहिले ते तो सांगतो. त्याची साक्ष नाकारायची नाही, पण तो कोठे उभा होता हे विचारल्याशिवाय ती पूर्ण मानायचीही नाही. तिसाविराग या शब्दाने आपल्याला नदीवरची एक संध्याकाळ दाखवली. त्या संध्याकाळमागची तीन वर्षे शोधण्यासाठी काठाची माती, अभियंत्यांचे आराखडे, पुराच्या नोंदी आणि शास्त्रज्ञांची निरीक्षणे अशी इतर साधने हाताशी घ्यावी लागली. माणसांच्या इतिहासातही हेच घडते. ज्यांना आपण अचानक झालेले उठाव किंवा अल्पकाळ टिकलेल्या चळवळी म्हणतो, त्यांच्यामागे न दिसलेली किती वर्षे आहेत, हा प्रश्न विचारण्याची सवय या लहानशा कीटकाकडून घेण्यासारखी आहे.

स्वाध्याय

1. एफेमेरॉन, ऊफरआस आणि तिसाविराग या तीन नावांतून नाव देणाऱ्यांच्या तीन वेगळ्या नजरा कशा दिसतात, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

2. तुमच्या मातृभाषेत अल्पकाळ टिकणाऱ्या गोष्टीसाठी कोणता वाक्प्रचार आहे? त्यातील उपमा कोणत्या परिसरातून आणि कोणत्या व्यवसायातून आली असावी?

3. तुमच्या गावातील एखाद्या पक्ष्याचे, कीटकाचे किंवा झाडाचे स्थानिक नाव घ्या. त्याचा अर्थ घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते नाव त्या जीवाच्या आयुष्यातील कोणता भाग दाखवते आणि कोणता झाकते, यावर एक टिपण तयार करा.